घडीचा फोन आणि सातपूरची धूळ

घडी होणाऱ्या स्मार्टफोनचे बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला पुस्तकासारखा उघडतो. मिटलेला असताना तो नेहमीच्या फोनएवढा दिसतो आणि उघडला की आत सुमारे आठ इंचांचा, जवळजवळ चौकोनी पडदा मिळतो. सॅमसंगचा गॅलेक्सी झेड फोल्ड, विवोचा एक्स फोल्ड, गूगलचा पिक्सेल प्रो फोल्ड हे या जातीचे. दुसरा प्रकार मधोमध आडवा मिटतो. उघडल्यावर तो साध्या लांबट फोनसारखाच असतो, मिटल्यावर निम्म्या उंचीचा होऊन खिशात मावतो. सॅमसंगचा झेड फ्लिप आणि मोटोरोलाचा रेझर हे त्याचे ठळक नमुने. दुकानदार पहिल्याला फोल्ड आणि दुसऱ्याला फ्लिप म्हणतात. दोन्हींची गणना एकत्र होत असली तरी ग्राहक पैसे मोजतो ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी. फोल्ड घेणाऱ्याला मोठा पडदा हवा असतो, फ्लिप घेणाऱ्याला लहान आकार.

विक्रीसाठी आलेला या जातीचा पहिला फोन रोयोल कंपनीचा फ्लेक्सपाय. तो २०१८च्या अखेरीस जाहीर झाला. खरी चर्चा मात्र फेब्रुवारी २०१९मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी फोल्ड दाखवला तेव्हापासून सुरू झाली. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी पत्रकारांच्या हाती गेलेल्या काही फोनचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले. काहींनी वरचे संरक्षक आवरण साधे स्क्रीन गार्ड समजून सोलून काढले होते, तर काही फोनमध्ये बिजागरीच्या टोकांशी असलेल्या फटीतून कण आत शिरले आणि पडद्याला खालून टोचले. कंपनीने विक्री थांबवली, फटींवर टोप्या बसवल्या, आवरणाच्या कडा चौकटीखाली नेल्या, पडद्याखाली धातूचे जादा थर घातले आणि सप्टेंबरमध्ये फोन पुन्हा आणला. ऑक्टोबर २०१९मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत १,६४,९९९ रुपये होती.

त्यानंतर किमतींनी दोन वाटा धरल्या. २०२२चा झेड फोल्ड ४ भारतात १,५४,९९९ रुपयांना आला आणि जुलै २०२५चा झेड फोल्ड ७ १,७४,९९९ रुपयांना. म्हणजे सहा वर्षांत फोन पुष्कळ सुधारला, पण स्वस्त झाला नाही. फ्लिपचे उलट घडले. २०२०मध्ये मोटोरोलाचा रेझर १,२४,९९९ रुपयांना आणि सॅमसंगचा झेड फ्लिप १,०९,९९९ रुपयांना होता. २०२३मध्ये टेक्नोने ४९,९९९ रुपयांचा फ्लिप आणला, पुढच्या वर्षी इन्फिनिक्सने त्याच किमतीचा आणला आणि २०२५मध्ये मोटोरोलाचा रेझर ६०ही तेवढ्यालाच मिळू लागला. इतके होऊनही २०२५पर्यंत जगात विकल्या जाणाऱ्या दर शंभर स्मार्टफोनमध्ये घडीचे फोन दोनही भरत नव्हते.

पावणेदोन लाख रुपये ही रक्कम नाशिकच्या सातपूरसारख्या वस्तीत काय असते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले आणि त्याच दशकात त्र्यंबक रस्त्यालगत सातपूरची औद्योगिक वसाहत आकाराला येऊ लागली. महिंद्र, बॉश, सिएट यांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉप्स यांवर हा परिसर जगतो. अशोकनगर, श्रमिकनगरपासून सातपूर कॉलनीपर्यंत राहणाऱ्या कामगार कुटुंबांत एवढ्या पैशांत कामावर जाण्यासाठी नवी दुचाकी येते आणि वर रक्कम उरते. ती दुचाकी दहा वर्षे सहज चालते. १,७४,९९९ रुपयांचे २४ हप्ते केले तर बिनव्याजीसुद्धा महिन्याला सुमारे ७,३०० रुपये होतात. फोन तीन वर्षे वापरला तर रोजचा खर्च १६० रुपयांच्या आसपास जातो. तेव्हा अशा फोनकडून अपेक्षा कडकच असायला हव्यात, आणि त्यांतली पहिली अपेक्षा टिकण्याची.

टिकाऊपणाचा सगळा प्रश्न पडद्याच्या वाकात आहे. कोणतीही पट्टी वाकवली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधला एक थर जवळजवळ तटस्थ राहतो. ताण किती पडेल, हे जाडीवर आणि वाकाच्या त्रिज्येवर ठरते: जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की ताणाचे प्रमाण मिळते. साध्या फोनवरची काच सुमारे ०.६ मिलिमीटर जाड धरली आणि ती दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवायची म्हटले, तर पृष्ठभागावर २० टक्के ताण येतो. काच त्याच्या कितीतरी आधी फुटते. तीच काच ३० मायक्रोनची, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ केली, तर ताण एक टक्क्यावर उतरतो आणि रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काच तो सोसू शकते. वहीचे पान दुमडते आणि पुठ्ठा मोडतो, त्यामागेही हेच गणित आहे. २०२०च्या झेड फ्लिपपासून अशी अतिपातळ काच वापरात आली. त्याआधीच्या फोल्डमध्ये वर केवळ प्लॅस्टिक होते.

पण इतकी पातळ काच उघडी ठेवता येत नाही. म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण असते, आणि बोटाला लागते ते हेच आवरण. ते मऊ असते. नखाने जोरात दाबले तर वळ उठतो. वाळूचा कण बोटाखाली घासला गेला तर ओरखडा पडतो, आणि साध्या फोनवर शंभर रुपयांची टेम्पर्ड ग्लास चिकटवून सुटका करून घेता येते तशी येथे येत नाही, कारण टेम्पर्ड ग्लास वाकत नाही. काचेखाली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर बसवलेले ओलेड दिव्यांचे थर असतात, त्यांच्याखाली आधाराचा पत्रा आणि त्याखाली बिजागरी. सॅमसंगच्या पूर्वीच्या बिजागऱ्यांत मिटल्यावरही दोन भागांत फट राहत असे. २०२३च्या सुमारास आलेल्या बिजागरीत पडदा आत थेंबाच्या आकारात वळतो, त्यामुळे वाकाची त्रिज्या वाढते, फोन सपाट मिटतो आणि मधली घडीची रेषाही फिकट होते. ती रेषा पूर्णपणे गेलेली नाही. समोरून पाहताना ती जाणवत नाही, तिरप्या उजेडात दिसते आणि बोटाला लागते.

किती वेळा घडी घातली की पडदा जातो, हा ग्राहकाचा नेहमीचा प्रश्न. सॅमसंग आधी दोन लाख घड्यांचा दाखला देत असे. झेड फोल्ड ७च्या पडद्यासाठी तो आकडा पाच लाखांवर गेला आहे. दिवसाला शंभर वेळा फोन उघडला तरी दोन लाख घड्यांना साडेपाच वर्षे लागतात आणि पाच लाखांना सुमारे पावणेचौदा. या आकड्यांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, मात्र ते कशाचे मोजमाप आहे हे समजून घ्यावे. चाचणीतले यंत्र स्वच्छ खोलीत, साध्या तापमानाला, एकाच गतीने पडदा उघडते आणि मिटते. फोन हातातून पडणे, पँटच्या खिशात दाबला जाणे, बिजागरीत कण अडकणे यांपैकी काहीच तिथे घडत नाही. घडी घालून घालून झिजलेल्या फोनपेक्षा एका कणाने किंवा एका पडण्याने गेलेला फोन दुरुस्तीला येण्याचा संभव जास्त.

इथे सातपूरचा संबंध थेट येतो. फोनच्या खोक्यावर आयपी४८ किंवा आयपी६८ असा जो दर्जा छापलेला असतो, त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिल्या जागी ४ असेल, तर एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठे कण आत शिरणार नाहीत एवढीच हमी असते. ५ असेल तर धूळ थोडी शिरली तरी कामात बाधा येणार नाही. ६ असेल तर धूळ शिरणारच नाही. एक्स लिहिलेले असेल तर धुळीची चाचणी जाहीरच केलेली नाही. सॅमसंगचे २०२१चे घडीचे फोन आयपीएक्स८ होते, २०२४पासून ते आयपी४८ झाले आणि २०२५चे फोल्ड ७ व फ्लिप ७ यांचाही दर्जा तोच आहे. त्यातला ८ पाहून विक्रेते फोन पाण्यात बुडवला तरी चालतो असे सांगतात, आणि ते दीड मीटर गोड्या पाण्यात अर्ध्या तासापुरते बरोबर आहे. श्रावणात त्र्यंबक रस्त्यावर भिजलेल्या माणसाला त्याचा उपयोगही होईल. ४ चा अर्थ मात्र सहसा कोणी सांगत नाही.

एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रोन. सातपूरमध्ये मायक्रोन हे पुस्तकी माप नाही. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरचे नोझल बनवणाऱ्या या गावात मायक्रोमीटर हाती घेणारा प्रत्येक कामगार ते रोज वापरतो. ग्राइंडिंगच्या चाकावरून उडणारी धूळ काही मायक्रोनपासून काही दशक मायक्रोनपर्यंतची असते. शेजारच्या द्राक्षबागेत भुरीसाठी वापरायची गंधकाची भुकटीही तशीच बारीक. रस्त्यावर वाऱ्याने उडणारी माती तर सर्वत्र आहे. हजार मायक्रोनच्या अटकावाला यांतले काहीच अडत नाही. त्यात लोखंडाच्या किसाची वेगळी भर आहे. घडीचा फोन घट्ट मिटून राहावा म्हणून त्याच्या दोन्ही भागांत चुंबक बसवलेले असतात, आणि लेथ किंवा ग्राइंडरजवळच्या हवेत, कपड्यांवर, हातांवर असलेला बारीक कीस चुंबकाकडेच जाणार. मिटताना तो मऊ आवरणाच्या दोन भागांमध्ये सापडला तर ओरखडे पडतात आणि बिजागरीत गेला तर हालचाल खरखरीत होते. काही कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन यंत्रांजवळ नेऊच देत नाहीत. तिथे हा धोका आपोआप कमी होतो. परंतु लहान वर्कशॉपमध्ये मालक स्वतःच यंत्राशेजारी उभा असतो, आणि सातपूरमध्ये फोल्ड परवडण्याची शक्यता त्यालाच अधिक.

धुळीच्या बाबतीत सगळे फोन सारखे नाहीत, हे २०२५मध्ये दिसले. विवोचा एक्स फोल्ड ५ पहिल्या जागी ५ घेऊन आला. भारतात त्याची किंमत १,४९,९९९ रुपये होती. ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर झालेला गूगलचा पिक्सेल १० प्रो फोल्ड हा आयपी६८ दर्जाचा पहिला घडीचा फोन ठरला. त्याची किंमत १,७२,९९९ रुपये होती. औद्योगिक वसाहतीत, बांधकामावर किंवा शेतीत काम करणाऱ्याने घडीचा फोन घ्यायचाच ठरवला असेल, तर त्याने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हा पहिला आकडा पाहावा. ४ किंवा एक्स असेल तर त्या कामाच्या जागी तो फोन नेऊ नये.

मोठ्या पडद्याचा फायदा नेमका किती, हे मोजता येते. झेड फोल्ड ७चा आतला पडदा तिरका मोजला तर ८ इंच आहे, क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस इंच. त्याच कंपनीच्या एस २५ अल्ट्राचा पडदा ६.९ इंचांचा, क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस इंच. म्हणजे जागा पाऊणपट जास्त. पण बहुतेक व्हिडिओ रुंद चौकटीचे असतात. चौकोनी पडद्यावर त्यांच्या वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि प्रत्यक्ष चित्र साध्या मोठ्या फोनपेक्षा सुमारे एक तृतीयांशच मोठे दिसते. व्हिडिओ आणि क्रिकेट पाहण्यासाठी फोल्ड घेणाऱ्याची इथे निराशा होते. कागदपत्रांचे वेगळे. वर्कशॉपच्या मालकाला मोठ्या कंपनीकडून सुट्या भागाचे ड्रॉइंग पीडीएफ म्हणून येते. त्यातली मापे, टॉलरन्स आणि टिपा साध्या फोनवर वाचायच्या तर सतत बोटांनी मोठे-लहान करत बसावे लागते. एक्सेलमधले दरपत्रक, जीएसटीचे विवरण, एका बाजूला ईमेल आणि दुसऱ्या बाजूला कोटेशन अशा कामांत पाऊणपट जागा खरोखर उपयोगी पडते. प्रवासात असताना ही कामे रोज करावी लागणाऱ्याला फोल्डची किंमत वसूल होऊ शकते. जो टेबलापाशी बसूनच ती करतो, त्याला फोल्डच्या फरकाच्या पैशांतही फोल्डपेक्षा मोठ्या पडद्याचा टॅबलेट मिळतो: एस २५ अल्ट्रा भारतात १,२९,९९९ रुपयांना आला, फोल्ड ७ त्याहून ४५,००० रुपयांनी महाग.

या जादा पैशांत सगळेच जास्त मिळते असेही नाही. फोल्ड ७ वजनाला २१५ ग्रॅम आहे, अल्ट्राहून किंचित हलका, आणि उघडल्यावर अवघा ४.२ मिलिमीटर जाड. ही अभियांत्रिकी खरोखर कौतुकाची आहे. पण या सडपातळपणासाठी बॅटरी ४,४०० एमएएच ठेवावी लागली, अल्ट्रात ती ५,००० आहे. दूरचे टिपणारा कॅमेराही अल्ट्राचाच सरस. आधीच्या फोल्डमध्ये चालणारा लिहिण्याचा पेन फोल्ड ७मध्ये चालत नाही, आणि ड्रॉइंगवर खुणा करणाऱ्याला त्याचीच गरज होती.

दुरुस्तीचा विषय सर्वांत महत्त्वाचा, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचारला जाणारा. साध्या फोनचा डिस्प्ले फुटला तर नाशिकमध्ये महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल बाजारात तो बदलून मिळतो, भाव करता येतो, दोन-तीन प्रतींमधून निवडता येते. घडीच्या पडद्याला ही सोय नाही. पडदा, आधाराचा पत्रा आणि बऱ्याचदा बिजागरीसकट चौकट एकत्रच बदलावी लागते, सुटा भाग अधिकृत सेवा केंद्रातूनच घ्यावा लागतो आणि फोल्डच्या आतल्या पडद्याचा खर्च एका चांगल्या साध्या फोनच्या किमतीला भिडतो. वॉरंटी सहसा वर्षाची, आणि पडल्याने, दाबल्याने किंवा धूळ शिरल्याने झालेले नुकसान तीत धरत नाहीत. घडीच्या रेषेवर आलेली चीर आपोआप आली की दाबामुळे, यावर ग्राहक आणि सेवा केंद्र यांच्यात वाद होऊ शकतो. म्हणून अपघाती नुकसानीचे संरक्षण देणारी योजना खरेदीच्या दिवशीच घ्यावी, तिच्यात आतला पडदा किती वेळा आणि किती रक्कम भरून बदलून मिळेल हे लेखी वाचावे. ती रक्कम फोनच्या किमतीत मिळवल्यावर परवडत नसेल, तर फोनही परवडत नाही असेच धरावे.

वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तडजोड झाली नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. बिल, सेवा केंद्राने दिलेले जॉबशीट आणि फोन जमा करताना काढलेली छायाचित्रे जपून ठेवली तर बाजू भक्कम होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, आणि मोबाइल किती सहज दुरुस्त होतो याचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५मध्ये अहवाल दिला. तो निर्देशांक खोक्यावर छापून येऊ लागला तर घडीच्या फोनचा खरा खर्च ग्राहकाला दुकानातच कळेल. हे व्हायलाच हवे.

सॉफ्टवेअरचे आश्वासन आणि पडद्याचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही, ही आणखी एक अडचण. फोल्ड ७ला सात वर्षे अपडेट मिळणार आहेत, म्हणजे २०३२पर्यंत. तोवर वरचे संरक्षक आवरण एकदा तरी बदलावे लागेल, असे धरूनच चालावे. घडीच्या रेषेवर बुडबुडे दिसू लागले की ते बदलण्याची वेळ आली असे समजावे, आणि ते काम स्वतः करू नये.

फ्लिपबद्दलचा निर्णय सोपा आहे. तो उघडल्यावर साध्या फोनपेक्षा जास्त काही देत नाही, पण मिटल्यावर सदऱ्याच्या खिशातून किंवा कुर्त्याच्या लहान खिशातून डोकावत नाही, बाहेरच्या लहान पडद्यावर वेळ, संदेश आणि पैसे देण्याचे काम होते, आणि अर्धवट उघडून टेबलावर ठेवला की हात न लावता व्हिडिओ कॉल करता येतो. ४९,९९९ रुपयांत ही हौस पुरवता येत असेल आणि काम कार्यालयातले किंवा घरातले असेल, तर फ्लिप घेण्यात चूक नाही. त्याच पैशांतला साधा फोन कॅमेरा, बॅटरी आणि टिकाऊपणात पुढे असेल, एवढे मान्य करून घ्यावा.

जुना घडीचा फोन घेण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. या फोनची किंमत साध्या फोनपेक्षा लवकर उतरते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा फोल्ड निम्म्याहून कमी भावात समोर येतो. भाव उतरतो तो पुढच्या दुरुस्तीच्या भीतीनेच, आणि ती दुरुस्ती नव्या मालकाच्या माथी येते. तरीही घ्यायचाच असेल तर मूळ बिल आणि शिल्लक संरक्षण योजना नव्या नावावर होते का, हे आधी विचारावे. पांढरा आणि काळा पडदा लावून घडीच्या रेषेवर ठिपके किंवा रंगीत उभी रेघ दिसते का पाहावे. बिजागरी अर्ध्यावर सोडली तर ती तिथेच थांबली पाहिजे. ती आपोआप मिटत असेल किंवा हलवताना खरखर जाणवत असेल, तर तो फोन परत करावा.